भाड्याच्या घरातला सौर संच: आधी काढायचा कसा ते ठरवलं, मग बसवला

भाड्याच्या घरात सौर पॅनल बसवता येतात का, असं मला अलीकडे बरेच जण विचारतात. येतात. पण स्वतःच्या घरावर पॅनल बसवणारा माणूस वीस-पंचवीस वर्षांचा हिशेब मांडतो, आणि भाडेकरूला करार संपेल त्या दिवसापासून मागे यावं लागतं. घर सोडताना काय काय उतरवावं लागेल, ते कोण उचलेल, भिंत होती तशी राहील का, हे आधी ठरतं. वॉटचा हिशेब नंतर. मी जानेवारीत सुरुवात केली आणि जूनमध्ये पहिला दिवा लागला. बसवण्याचं काम थोडकंच होतं. बाकीचे महिने मोजण्यात, पत्रं लिहिण्यात आणि उत्तरांची वाट बघण्यात गेले. दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर हाताशी असावं म्हणून क्रमाने लिहिते आहे.

जानेवारीत फक्त मोजणी केली. वीजबिल महिन्याची बेरीज सांगतं, कुठल्या वस्तूने किती वीज घेतली ते सांगत नाही. सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये लावायचा छोटा वीजमापक मिळतो, तो आणला आणि घरातली एकेक वस्तू त्यावर चालवून वहीत आकडे लिहिले. राउटर १० वॉट, पण चोवीस तास चालू, म्हणजे दिवसाला २४० वॉट-तास. लॅपटॉप सरासरी ५० वॉट, सहा तासांचे ३००. नऊ वॉटचे चार एलईडी दिवे पाच तास, म्हणजे १८०. दोन फोन मिळून ३० च्या आसपास. ही बेरीज ७५० होते, पाऊण युनिट. फ्रिज मात्र एकटाच दिवसाला जवळपास एक युनिट घेत होता. शिवाय कॉम्प्रेसर सुरू होताना तो क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. त्याला सामावून घ्यायचं तर इन्व्हर्टर मोठा, बॅटरी मोठी, पॅनल जास्त, आणि मग हे सगळं एका माणसाला उचलता येईल असं राहत नाही. फ्रिज तिथेच यादीतून काढला. उष्णता निर्माण करणाऱ्या वस्तू, म्हणजे इस्त्री, गिझर, इंडक्शन, यांचा तर विचारही करू नका.

याच मोजणीत एक आकडा हाती आला, जो जाहिरातीत सहसा ठळक नसतो. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर काहीही चाललेलं नसलं, तरी तो स्वतःसाठी वीज घेतो. मी जो घ्यायचा विचार करत होते त्याच्या माहितीपत्रकात १२ वॉट लिहिले होते. चोवीस तासांचे २८८ वॉट-तास! राउटर चालवायला म्हणून तो रात्रंदिवस चालू ठेवला असता तर राउटरपेक्षा जास्त वीज इन्व्हर्टरनेच खाल्ली असती. म्हणून राउटर आणि फोन थेट बॅटरीच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, विजेवर चालवायचे ठरवले. राउटरला १२ व्होल्टच लागतात, पण बॅटरी भरत असताना व्होल्टेज १४ च्या वर जातं, त्यामुळे मध्ये एक छोटा डीसी नियंत्रक लावावा लागतो. इन्व्हर्टर फक्त लॅपटॉप आणि दिव्यांपुरता, गरज असेल तेव्हाच.

फेब्रुवारीत ऊन मोजलं. आमची बाल्कनी बाहेरून बघितली तर दिवसभर उन्हात आहे असं वाटतं. एका सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दर तासाला कठड्यावर पडणाऱ्या सावलीच्या कडेला खडूने रेघ मारली, रेघेशेजारी वेळ लिहिली आणि फोटो काढला. संध्याकाळी दिसलं की डाव्या टोकाला सव्वाअकरापर्यंत बाजूच्या भिंतीची सावली असते आणि उजव्या टोकाला दुपारी वरच्या मजल्याचा सज्जा आड येतो. सूर्याची उंची ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून महिन्याभराने पुन्हा रेघा मारल्या; सज्ज्याची सावली बरीच खाली सरकलेली होती. उन्हाळ्यात ती आणखी खाली येणार हे त्यातूनच कळलं. वर्षभराचा विचार करून मी दिवसाला तीनच तास पूर्ण उन्हाचे धरले. पॅनलवर छापलेले वॉट हे प्रयोगशाळेतल्या ठरावीक परिस्थितीतले असतात: दर चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. उन्हात पॅनल याहून खूप तापतं, आणि तापलं की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. धूळ, वायर आणि नियंत्रक (पॅनलची वीज बॅटरीला सोसेल अशी करून तिच्यात भरणारं यंत्र) यांची घट वेगळी. म्हणून ४०० वॉट गुणिले तीन तास, त्यातले पाऊण, असे दिवसाला ९०० वॉट-तास धरले. ७५० चा खर्च आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च त्यात जेमतेम बसत होता. पंखाही चालवायची खूप इच्छा होती, पण तो बसत नव्हता.

२०० वॉटची दोन पॅनल घ्यायची हे इथे ठरलं. एकेक साधारण एक चौरस मीटर, वजन दहा-बारा किलो. छपरावर लावतात ती मोठी पॅनल दर वॉटला स्वस्त पडतात, पण त्यांचं वजन वीस किलोच्या वर असतं आणि आकार असा की जिन्याच्या वळणावर दोघं लागतात. पुढच्या घराची बाल्कनी केवढी असेल हे कुणाला माहीत? भाडेकरूने लहान पॅनल घ्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे.

आता परवानगीचा भाग, ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. घरमालकीण काकूंशी संबंध चांगले आहेत, आणि आपण काहीतरी मागून ते बिघडवतो आहोत असं सारखं वाटत होतं. तोंडी विचारलं तर तोंडी नकार येतो, म्हणून मार्चच्या सुरुवातीला पानभर पत्र लिहिलं. भिंतीला, खिडकीच्या चौकटीला किंवा कठड्याला भोक पडणार नाही. घराच्या वायरिंगला कुठेही जोड नाही. एकूण वजन किती आणि ते कुठे असेल. घर सोडताना सगळं माझ्या खर्चाने काढलं जाईल. सोबत बाल्कनीचा फोटो आणि त्यावर पेनाने काढलेली पॅनलची जागा. हा फोटो फार उपयोगी पडला, कारण पॅनल म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर गच्चीभर पसरलेली चौकट होती.

काकूंनी पत्र शांतपणे वाचलं आणि एकच विचारलं, “आग लागली तर?”

“काकू, धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही,” मी म्हटलं. “तो कमी करायला काय काय करणार ते लिहून देते.”

आणि लिहून दिलं. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची असेल. फोन-लॅपटॉपमध्ये असतात त्या निकेल-कोबाल्टच्या लिथियम बॅटऱ्यांपेक्षा ही जास्त तापमानापर्यंत स्थिर राहते आणि बिघडली तरी कमी उष्णता सोडते. पण ती पेटूच शकत नाही असं नाही. आत बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारा सर्किट-बोर्ड, असतो, जो जास्त भरणं, जास्त रिकामी होणं आणि जास्त प्रवाह या तिन्हींवर पुरवठा तोडतो. प्रत्येक बॅटरीच्या धन टोकाला लागूनच फ्यूज. बॅटरी झोपायच्या खोलीत नाही आणि दाराकडे जायच्या वाटेवर तर नाहीच, कारण धूर झाला तर बाहेर पडायचा रस्ता तोच असतो. जागा बाल्कनीलगतच्या खोलीत, फरशीवर, ऊन लागणार नाही अशी, आजूबाजूला कपडे-कागद नाहीत, वर धुराचा इशारा देणारं यंत्र. हे वाचून काकूंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. माझाही उतरला, कारण लिहिताना सगळं माझ्याच डोक्यात नीट बसलं होतं.

काकूंचा होकार आला तरी इमारतीच्या समितीचं ना हरकत पत्र लागणार होतं, कारण बाल्कनीचा बाहेरचा भाग इमारतीच्या दर्शनी बाजूत मोडतो. अर्ज दिल्यावर आठवडे गेले. समितीची बैठक महिन्यातून एकदाच, आणि मार्चची बैठक होऊन गेलेली. या काळात काहीही विकत घेतलं नाही, हे आवर्जून सांगते. दुकानात सवलत चालू होती, हात शिवशिवत होते. पण परवानगी नाकारली गेली असती तर पॅनल पलंगाखाली पडून राहिली असती. एप्रिलमध्ये उत्तर आलं, अटींसह. पॅनल कठड्याच्या बाहेर तिरपी काढायची नाहीत, सपाट उभीच लावायची. आणि प्रत्येक पॅनलला दोन स्वतंत्र आधार हवेत, एक सुटला तरी दुसऱ्याने तोलून धरलं पाहिजे.

पहिल्या अटीने उत्पादन घटतं. दुपारी सूर्य डोक्यावर असताना उभ्या पॅनलवर ऊन अगदी तिरकं पडतं. हिवाळ्यात सूर्य खाली असतो तेव्हा मात्र तेच पॅनल बरं काम करतं. मी तीनच तास धरले होते म्हणून गणित टिकलं. दुसरी अट मात्र समितीने घातली नसती तरी मी स्वतःहून पाळली असती. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर वेगाचा वारा एका चौरस मीटरवर साधारण ५५ किलो वजनाइतका जोर लावतो. एका पॅनलमागे एक माणूस लोंबकळतोय असं समजून कठडा आणि क्लॅम्प बघा. आमचा कठडा लोखंडी पाइपचा आणि मजबूत निघाला, इमारतीचं काम बघणाऱ्या अभियंत्याकडून तपासून त्याचं दोन ओळींचं पत्र समितीला दिलं. कठडा काचेचा किंवा गंजलेला असेल तर हा मार्ग सोडून द्यावा, त्यात तडजोड नको.

वीज कंपनीलाही पत्र पाठवलं. भिंतीतल्या सॉकेटमध्येच प्लग घालून वीज उलटी घरात सोडणारे छोटे संच काही देशांत चालतात. जर्मनीत २०२४ पासून ८०० व्होल्ट-अँपिअरपर्यंतच्या इन्व्हर्टरला सोपी नोंदणी पुरते, आणि भाडेकरूने असा संच मागितला तर घरमालकाला सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. पण जिथे असा नियम नाही तिथे हे करू नये. वीज जाळ्याला काहीही जोडायचं तर कंपनीची परवानगी लागते. शिवाय असे जाळ्याला जोडलेले इन्व्हर्टर वीज गेली की सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडतात, म्हणजे अंधारात त्यांचा उपयोग नाही. मला पूर्ण वेगळा संच हवा होता. कंपनीकडून लेखी उत्तर आलं की त्यांच्या पुरवठ्याशी जोड नसेल तर अर्जाची गरज नाही. ते छापून फाइलला लावलं. घराच्या विम्याच्या कंपनीलाही बॅटरीची क्षमता कळवली आणि पोच घेतली. ही दोन कागदं पुढे कुणी शंका काढली तर बोलायची वेळ येऊ देत नाहीत.

मेमध्ये खरेदी. सगळं एकाच पेटीत असलेला पोर्टेबल पॉवर स्टेशनचा पर्यायही समोर होता. ज्यांना वर्षाच्या आत घर बदलायचं आहे किंवा वायर-फ्यूजची सवय नाही, त्यांनी खुशाल तोच घ्यावा. उचलला की झालं. माझा ओढा सुट्या भागांकडे होता, कारण एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो आणि क्षमतेच्या मानाने खर्च कमी पडतो. बॅटऱ्या १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या दोन घेतल्या, समांतर जोडायला. दोन्ही मिळून २५६० वॉट-तास, म्हणजे ऊन पडलंच नाही तरी दोन-अडीच दिवस निघतात. एकेकीचं वजन बारा किलोच्या आत. एवढीच क्षमता एका पेटीत मिळत होती, पण ती मला एकटीला जिन्यावरून नेता आली नसती.

पॅनल मात्र एकापुढे एक, मालिकेत जोडली, आणि याचं कारण वायर. समांतर जोडणीत अँपिअरची बेरीज होते, मालिकेत व्होल्टची. पॅनलपासून नियंत्रकापर्यंत दहा मीटर, जाऊन-येऊन वीस. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा वीस मीटरला रोध सुमारे ०.०९ ओहम. पॅनल समांतर जोडली असती तर २० व्होल्टला २० अँपिअर, आणि वायरीतच पावणेदोन व्होल्ट, म्हणजे नऊ टक्के वीज, उष्णता होऊन गेली असती. मालिकेत ४० व्होल्टला १० अँपिअर येतात आणि घट दोन टक्क्यांवर राहते. सकाळी डाव्या पॅनलवर सावली असते तेव्हा त्यातला बायपास डायोड प्रवाहाला पलीकडून वाट देतो. उजवं एकटं २० व्होल्ट देतं, आणि १२ व्होल्टची बॅटरी भरायला ते पुरतात. २४ व्होल्टचा संच केला असता तर त्या वेळात काहीच भरलं नसतं. काही न जोडता दोन्हींचं मिळून व्होल्टेज ४८ च्या आसपास, थंडीत ते दहा टक्के वाढलं तरी ६० च्या आत. नियंत्रक १०० व्होल्ट झेलणारा घेतला.

खर्चाचा वाटा सांगते, कारण किमती सगळीकडे वेगळ्या असतात. निम्म्याला थोडा कमी भाग बॅटऱ्यांवर गेला. पॅनलवर पाचव्या हिश्शाहून कमी. आणि जवळपास पॅनलइतकाच खर्च झाला तो वायर, फ्यूज, डीसी स्विच, क्लॅम्प, पोलादी दोर आणि जोडण्यांवर. हा शेवटचा वाटा लोक धरतच नाहीत, आणि मग कात्री नेमकी फ्यूजवर चालवतात. साधा एसीचा, म्हणजे घरातल्या नेहमीच्या विजेचा, फ्यूज किंवा स्विच डीसीला चालत नाही. एसी प्रवाह सेकंदाला कित्येकदा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीत ती तशीच जळत राहते. वस्तूवर डीसी व्होल्टेज छापलेलं बघूनच घ्या.

वायर आत कशी आणायची हा भोक न पाडण्याच्या अटीतला खरा पेच होता. बाल्कनीची खिडकी सरकती आहे. तिच्या रुळात उभी बसेल अशी, खिडकीच्या उंचीची आणि चार बोटं रुंद लाकडी पट्टी सुताराकडून करून घेतली. भोकं त्या पट्टीला पाडली, त्यात पाणी न शिरू देणारे रबरी ग्रोमेट बसवले आणि त्यातून दोन वायरी आत घेतल्या. खिडकी पट्टीला टेकून बंद होते. आधीची कडी आता लागत नाही, म्हणून रुळात आडवी काठी टाकली की बाहेरून खिडकी सरकत नाही. पट्टीच्या कडांना फोमची फीत आहे. पुढच्या घरी फक्त पट्टी बदलेल.

बसवायच्या दिवशी ओळखीचे इलेक्ट्रिशियन दादा शेजारी उभे होते. जोडणी मी केली, प्रत्येक टोक त्यांनी ओढून आणि मीटर लावून तपासलं. दोन्ही बॅटऱ्या आदल्या दिवशी वेगवेगळ्या पूर्ण भरून ठेवल्या होत्या, म्हणजे समांतर जोडताना एकीतून दुसरीत प्रवाह धावत नाही. नियंत्रकाला आधी बॅटरी जोडायची आणि मग पॅनल, कारण बॅटरी किती व्होल्टची आहे हे त्याला आधी ओळखू द्यावं लागतं. काढताना बरोबर उलट: आधी डीसी स्विच बंद करून पॅनल, मग बॅटरी. पॅनलचे कनेक्टर चालू प्रवाहात ओढून सोडवायचे नाहीत, ठिणगी पडते.

दुपारी स्विच चालू केला आणि नियंत्रकाच्या पडद्यावर ११८ वॉट दिसले. ४०० च्या मानाने कमी वाटतील, पण उभ्या पॅनलला, जूनच्या माध्यान्हीला, तेवढेच मिळतात. चार वाजता तोच आकडा २३० च्या पुढे गेला. मी आणि दादा बराच वेळ तिथेच उभे होतो.

जुलैत सगळा संच एकदा मुद्दाम पूर्ण उतरवला. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना सारख्या क्रमांकाच्या पट्ट्या लावल्या, प्रत्येक टप्प्याचा फोटो घेतला, क्लॅम्पखालच्या रबराने कठड्याचा रंग घासला गेलाय का ते बघितलं. काकूंना मुद्दाम बोलावलं. मोकळा कठडा त्यांनी हाताने चाचपून बघितला आणि करारासोबतच्या कागदावर तिथेच सही केली. अर्धा दिवस पुरला. लागणारे पाने एका पिशवीत घालून ती पिशवी बॅटरीजवळच टांगली आहे.

घर बदलताना बॅटरीची ने-आण हा वेगळा विषय आहे आणि त्याची तयारी खरेदीच्या दिवशीच करावी लागते. लिथियम बॅटऱ्या वाहतुकीच्या नियमांत धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात येतात. विमानात प्रवाशाला १०० वॉट-तासांपर्यंतची सोबत नेता येते, १६० पर्यंत विमान कंपनीच्या संमतीने. आपली एकेक बॅटरी १२८० ची. म्हणजे रस्त्यानेच. सामान हलवणारेही कधीकधी नको म्हणतात. म्हणून मूळ खोकी आणि आतला फोम टाकलेला नाही, आणि विक्रेत्याकडून यूएन ३८.३ या, लिथियम बॅटरी वाहतुकीत सुरक्षित राहते का ते बघणाऱ्या, चाचणीचा कागद बिलासोबतच मागून घेतला. हलवताना बॅटरी पूर्ण भरलेली नसावी आणि टोकांवर टोप्या असाव्यात.

करारासोबत जोडलेल्या कागदावरचा मजकूर काहींनी मागितला होता. तो असा: “भाडेकरूने स्वखर्चाने बसवलेला, घराच्या वायरिंगला न जोडलेला सौर संच व बॅटरी ही भाडेकरूची मालमत्ता राहील. घर सोडण्यापूर्वी भाडेकरू तो स्वखर्चाने काढून नेईल व जागा सोबत जोडलेल्या छायाचित्रांप्रमाणे पूर्ववत करून देईल. इमारतीच्या दुरुस्तीसाठी पॅनल उतरवणे आवश्यक झाल्यास सात दिवसांची लेखी सूचना मिळाल्यावर भाडेकरू ती उतरवेल.” शेवटचं वाक्य समितीच्या सांगण्यावरून घातलं, आणि ना हरकत पत्र मिळायला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.